साहेबांची रात्रपाळी

कॅनडातल्या विनिपेगमध्ये हिवाळ्यात प्रत्येक मोटारीच्या पुढच्या जाळीतून विजेची एक वायर लोंबत असते. नव्यानं आलेल्या माणसाला वाटतं, काय प्रगत गाव आहे, झाडून सगळ्या गाड्या विजेवर! गाड्या बहुतेक पेट्रोलवरच चालतात. वीज लागते ती त्या चालू व्हाव्यात म्हणून. वायरीचं आतलं टोक इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बसवलेल्या हीटरला जोडलेलं असतं आणि बाहेरचं टोक रात्री भिंतीवरच्या प्लगमध्ये खोचायचं असतं. ऑफिसांच्या वाहनतळांवरसुद्धा त्यासाठी प्लगचे खांब ओळीनं उभे असतात. आपल्याकडे घर भाड्यानं घेताना पाणी किती वेळ येतं ते विचारतात. इथे गाडीला प्लग आहे का ते.

इथल्या थंडीबद्दल मी अतिशयोक्ती करणार नाही, करायला जागाच नाही. जानेवारीतल्या रात्री उणे वीसच्या आसपास असतात आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. उणे तीस झालं की लोक विषय काढतात. २४ डिसेंबर १८७९ रोजी इथे उणे ४७.८ अंशांची नोंद झाली. उणे ४० वर सेल्सिअस आणि फॅरनहाइट ही दोन्ही मापं एक होतात, त्यामुळे निदान तिथे तरी माझं आणि अमेरिकेतल्या माझ्या भावाचं एकमत होतं.

अशा गावात मी जुनी डिझेल गाडी घेतली. कारणं दोन. एक, ती स्वस्त होती. दोन, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. पहिल्या कारणानं वाचलेले पैसे दुसऱ्यानं घालवले.

गाडी १९८० च्या दशकातली, जर्मन बनावटीची. विकणारा म्हातारा शेतकरी होता.

"ब्लॉक हीटर आहे ना?" मी जाणत्या सुरात विचारलं.

"आहे. वायर उंदरांनी खाल्ली."

"आणि हीटर कुठे आहे?"

"इंजिनात."

एवढ्या उत्तरावर समाधान मानायला माणूस इंजिनिअरच असावा लागतो. मी पैसे मोजले.

सौ.ला गाडी पाहताक्षणी, म्हणजे ऐकताक्षणी, आवडली. तिचे वडील, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, एसटीत हेड मेकॅनिक होते. डेपोच्या भिंतीला लागून त्यांचं क्वार्टर होतं आणि पहाटेच्या गाड्यांच्या खडखडाटात तिचं बालपण गेलं. आमच्या गाडीचं इंजिन सुरू झालं की तिच्या चेहऱ्यावर माहेरची कळा येई. मात्र तिनंही विचारलं, "अहो, हिची वायर कुठंय?"

ऑक्टोबर होता. शेजारीपाजारी बॉनेट उघडून आपापल्या वायरी तपासत होते. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेलनं १८९० च्या दशकात मांडलेली कल्पना अशी की हवा इतकी दाबायची की ती दाबानंच तापावी, मग तिच्यात इंधन फवारायचं, ते आपण होऊन पेटतं. माझ्या इंजिनात हवा दाबून मूळच्या एकविसाव्या भागात कोंबली जाते. बाहेर उणे ३५ अंश धरले तरी सूत्राप्रमाणे ती हवा जवळपास ५३० अंशांवर पोचते. डिझेल पेटायला सव्वादोनशेच्या आसपास पुरतात. म्हणजे दुपटीहून जास्त! मी उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि घरात जाहीर केलं की हीटर हा पेट्रोलवाल्यांचा गैरसमज आहे.

या गणितात एक बारीकशी गोष्ट गृहीत धरलेली असते : उष्णता कुठेही निसटत नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये ती निसटत नाही, कारण दारावर सुपरवायझर असतो. विनिपेगमध्ये ऑइल दाट होतं, बॅटरीची ताकद उणे १८ लाच जवळपास निम्म्यावर आलेली असते, त्यामुळे सेल्फ मारला तरी इंजिन कण्हत कण्हत फिरतं. फिरणं मंद, म्हणून दाबलेली हवा रिंगांच्या फटींतून निसटते. जी उरते तिची ऊब गारठलेलं लोखंड गिळून टाकतं. ज्वलनकक्ष तापवायला हीटर प्लग असतात, पण त्यांनी तरी किती लोखंडाला पुरं पडायचं? हे सगळं मला शिकवलेलं होतं. 'प्रत्यक्षातले फरक' या मथळ्याखाली पाच मार्कांना यायचं, म्हणून मी ते ऑप्शनला टाकलं होतं.

पहिली उणे तीसची सकाळ उजाडली. मी सेल्फ मारला. इंजिननं "उंऽऽऽ" केलं, मग "उं", मग काहीच नाही. सौ. शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

"पाचशे तीस झाले का हो?" तिनं विचारलं.

ती बसनं गेली. हीटर हवा, हे मला मान्य करावं लागलं, आणि मी पुन्हा अभ्यासाला लागलो. कारण गाडीखाली शिरण्यापेक्षा इतिहासात शिरणं केव्हाही उबदार. ब्लॉक हीटरचा इतिहास तर आमच्या नदीवरचाच निघाला. दक्षिणेला सीमेपलीकडे नॉर्थ डकोटात ग्रँड फोर्क्स आहे. रेड नदी तिथून उत्तरेकडे वाहत आमच्या गावात येते. तिथल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थेत काम करणाऱ्या अँड्र्यू फ्रीमननं तांब्याची नळी आणि जुन्या इस्त्रीतली तापणारी तार यांतून असा हीटर बनवला आणि १९४९ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. त्याची युक्ती अशी की सिलिंडर हेडचा एक बोल्ट काढायचा आणि त्याच जागी हीटर असलेला बोल्ट बसवायचा. थंडीत गाडी अडल्यावर या गृहस्थानं इस्त्री खोलली. मी पेन्सिलीला टोक काढलं होतं.

पुढे हीटरच्या जागा बदलल्या. कुणी तो रेडिएटरच्या खालच्या नळीत बसवतं, कुणी ऑइलच्या चेंबरच्या बुडाला पट्टा चिकटवतं, कुणी ऑइल मोजायच्या काडीच्या जागी तापती काडी खुपसतं. पण रूढ जागा ब्लॉकच्या कुशीतच. लोखंडी ब्लॉक ओतताना आत पाणी खेळवायच्या पोकळ्या राहाव्यात म्हणून वाळूचे गाभे ठेवतात. ओतून झालं की ती वाळू ज्या भोकांतून काढतात, ती भोकं पत्र्याच्या वाट्या ठोकून बंद करतात. त्यातल्या एका वाटीच्या जागी हीटर बसतो आणि आतलं कूलंट तापवतो. वाचून फार समाधान वाटलं. आता माझ्या गाडीत तो कुठे आहे, एवढंच शोधायचं राहिलं.

मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. इथे रात्रीचे नऊ, म्हणजे साताऱ्याकडे सकाळचे साडेआठ. अण्णांच्या हातात चहा. अण्णांच्या लेखी जगात तीन प्रकारची माणसं आहेत : मेकॅनिक, हेल्पर आणि साहेब. मेकॅनिक खोलतो, हेल्पर धरतो, साहेब सही करतो. मला त्यांनी मुलगी दिली ती साहेब म्हणून. त्यामुळे मी हातात पाना घेऊन पडद्यावर दिसलो तेव्हा त्यांना प्रथम वाटलं, माझी नोकरी गेली.

"गाडी घेत नाही व्हय?" सगळं ऐकून ते म्हणाले. "चार माणसं लावा, ढकला, सेकंडला टाकून क्लच सोडा."

"अण्णा, गाडी ऑटोमॅटिक आहे."

"मग तुम्ही आत बसून करता काय?"

याला उत्तर नव्हतं. अण्णांनी पुढचा उपाय काढला. "आमच्यात एक मिल्ट्रीतनं आलेला ड्रायव्हर होता. तिकडं लडाखला चेंबरखाली स्टोव्ह पेटवून ठेवायचे म्हणं."

"इथे घर लाकडाचं आहे, अण्णा."

"मग राहू द्या. असं करा, ब्लॉकच्या कडंला गोल डम्या असत्यात वळीनं. एका जागी डमी नसंल, दुसरंच काहीतरी असंल. तोच तुमचा हीटर."

डम्या म्हणजे त्याच पत्र्याच्या वाट्या. सगळा इतिहास वाचून मला जे कळलं नव्हतं ते अण्णांनी चहा संपायच्या आत सांगितलं. मी बर्फावर पुठ्ठा अंथरला आणि फोन धरून गाडीखाली शिरलो. खालून इंजिन कसं दिसतं हे कुठल्याच पुस्तकात नसतं. पुस्तकात ते उभं चिरलेलं असतं, प्रत्येक भागाला बाण असतो आणि कशावरही काळं तेल नसतं. इथे सगळ्यावर तेल, तेलावर माती, आणि बाण एकही नाही. अंगात इतके कपडे की मान वळवायची तर सगळं धड वळवावं लागे. मोजे घालून बोटांना काही कळेना, आणि काढले तर बोटंच कळेनात.

आणि मग मला एका कोपऱ्यात छानपैकी वायर येऊन बसलेला एक गोल भाग दिसला.

"सापडला!" मी ओरडलो. "अण्णा, हा बघा. आता याला घरची वीज जोडली की झालं."

"फोन जरा खाली घ्या. आणखी खाली." पलीकडे शांतता. "जावईबापू, हात मागं घ्या. ते ऑइल प्रेशरचं हाय. गाडीची सगळी वायरिंग बारा व्होल्टची. त्याच्यावर घरची लाइट सोडणार होता?"

"नाही, मी नुसतं दाखवत होतो," मी म्हटलं. तेवढ्यात थंडीनं फोन बंद पडला. थंडीनं माझ्यावर केलेला हा एकमेव उपकार.

शेवटी हीटर शोधला तो पान्यानं. वरून काहीतरी आवळून बघावं म्हणून मी बॉनेटखाली वाकलो (काय आवळणार होतो ते विचारू नका), पाना निसटला, खडखडत ब्लॉकच्या कडेनं गेला आणि अधेमधे कुठेतरी अडकला. तो काढायला हात घातला तर बोटांना दोन पिना लागल्या. चिंधीनं पुसलं, टॉर्च मारला. तेलामातीच्या थराखाली गोल चकती, भोवती आटे, मधोमध पिना. डमी नव्हती. दुसरंच काहीतरी होतं!

जोडणी मात्र मी अगदी शास्त्रशुद्ध केली. जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्याकडून त्या आट्यांवर बसणारी वायर मागवली. पिना पॉलिश पेपरनं घासल्या, वायरीची रिंग हातानं घट्ट फिरवली. वायर एक्झॉस्टच्या पाइपपासून दूर, पंख्याच्या पट्ट्यापासून दूर, जागोजागी बांधत आणली आणि टोक जाळीतून बाहेर काढलं. भिंतीपर्यंत लावायला घरातलीच एक्स्टेन्शन वायर घेतली तर ती थंडीत वळेना आणि वाकवल्यावर तिचं कवच तडकलं. मग बाहेरच्या थंडीसाठी असते ती जाड वायर आणली. मीटर लावला : ३६ ओहम. १२० व्होल्टला ३६ ओहम म्हणजे सव्वातीन अँपिअरच्या वर, म्हणजे ४०० वॉट. गणित जुळलं! संध्याकाळी प्लग खोचला आणि बॉनेटला कान लावला. आतून चहाचं आधण ठेवल्यासारखा बारीक सूंऽ आवाज येत होता. मी सौ.ला बाहेर बोलावून तिलाही कान लावायला लावला. शेजारचे आजोबा बर्फ ओढता ओढता थांबून आम्हा दोघांकडे बघत राहिले. आमच्या मॅनिटोबा प्रांतातली माणसं सभ्य, त्यांनी काही विचारलं नाही.

"हे रात्रभर चालू ठेवायचं?" सौ.नं विचारलं. "आपण गीझर ठेवतो का रात्रभर?"

मुद्दा बरोबर होता. निघण्याआधी दोन तास हीटर पुरतो, असं कॅनडाचं सरकारी खातंही सांगतं. म्हणून भिंतीच्या प्लगवर मी खटक्यांचा टायमर बसवला : पाचला चालू, सातला बंद. सकाळी सात वाजता मी ऐटीत जाऊन बसलो, सेल्फ मारला.

"उंऽऽ."

दुसऱ्या दिवशीही तेच. आणि गंमत अशी की संध्याकाळी ऑफिसातून येऊन टायमरचा खटका 'चालू'वर करून बघावं तर सगळं ठीक! प्लगला वीज, मीटरवर ३६ ओहम, बॉनेटखाली सूंऽ. सकाळी इंजिन दगड. हीटर संध्याकाळी चालतो आणि पहाटे चालत नाही, याला कारण हवं. आणि कारण शोधणं हे तर माझं शिक्षण. टायमर नीट पाहिला तर संध्याकाळी वेळ जुळवून ठेवली तरी तो रोज सकाळी मागे पडलेला असे. मागे म्हणजे काय, रात्री साडेदहाच्या सुमाराला थांबलेला. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला : रात्री तापमान उतरत जातं, साडेदहाला ते एका ठरावीक अंशाला पोचतं, आणि टायमरच्या आतलं ग्रीस आळतं! मी लगेच ग्रीसच्या दाटपणाचा आलेख काढला. टायमरला सौ.चा जुना लोकरी मोजा चढवला. आजोबांनी तो मोजाही पाहिला आणि तेव्हाही काही विचारलं नाही.

मोज्यानं काही झालं नाही. संक्रांत तोंडावर आली. रविवारी दुपारी गावाच्या दुसऱ्या टोकाला हळदीकुंकू होतं. सौ.नं वाणाला स्टीलचे डबे आणले होते, तिळगुळाची परात भरली होती आणि "मी हे सगळं घेऊन बसनं जायचं का?" हे वाक्य ती दिवसातून बऱ्याच वेळा, वेगवेगळ्या चालीत म्हणत होती. मी अण्णांना टायमर, ग्रीस, आलेख सगळं समजावलं.

"ते ग्रीसचं मला म्हाईत न्हाई," अण्णा म्हणाले. "पण रातच्याला काय बिघडतंय ते दिवसा कळत नसतंय. डेपोत आम्ही रातपाळी लावायचो."

शनिवारी रात्री दहा वाजून गेल्यावर मी रात्रपाळीवर हजर झालो. सौ.ला वाटलं, मी तळघरात मीटरशी खेळतोय. मीही खुलासा केला नाही, कारण सिद्ध झाल्यावर सांगण्यात मजा. घरातून बाहेर पडताना बाहेर उणे ३३ होतं, वर वारा. वाऱ्यासकट उणे ४० च्या खाली भासायला लागलं की उघडी कातडी पाच-दहा मिनिटांत गोठते, म्हणून मी डोळे सोडून सगळं गुंडाळलं होतं. मागच्या दाराचा दिवा चालू होता. टायमरवरचा मोजा काढला, पाहणीसाठी खटका 'चालू'वर ठेवला. चकती फिरत होती. बॉनेटखाली सूंऽ चालू होतं. दहा वीस. दहा पंचवीस. मी मनातल्या मनात शोधनिबंधाचा मथळासुद्धा ठरवला.

साडेदहाला टक्क आवाज झाला. दाराचा दिवा गेला. सूंऽ थांबलं. टायमर थांबला. आणि आतून दाराची कडी लागली.

ग्रीस एकाच वेळी टायमरमध्ये, हीटरमध्ये आणि दिव्यामध्ये आळत नाही, हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. तरीही मी काही सेकंद त्याचा विचार केला. मग दार बडवायला सुरुवात केली. जाड मोज्यांनी दार बडवलं तर आतल्या माणसाला ते ऐकू येत नाही, ही माझी त्या रात्रीची एकमेव अस्सल संशोधनात्मक भर. फोन काढला, त्यानं नेहमीप्रमाणे मान टाकली. शेवटी बर्फाचं फावडं भिंतीवर आपटलं तेव्हा आजोबांच्या घरात दिवा लागला, मग पलीकडच्या घरात, आणि सर्वांत शेवटी आमच्या.

"अहो! तुम्ही बाहेर होतात?"

मी बोलू शकत नव्हतो. दाढीवर बर्फ होता. मी नुसतं बोट दाखवलं : आधी दिवा, मग प्लग. सौ.नं माझ्याकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, आणि दाराआतल्या भिंतीकडे वळली. तिथे शेजारी शेजारी दोन स्विच होते. तिनं एक दाबला : दिवा. दुसरा दाबला : बॉनेटखाली सूंऽ.

"हा दुसरा कशाचा ते कधी कळलंच नव्हतं," ती म्हणाली. "मी झोपताना दोन्ही बंद करते, संध्याकाळी दोन्ही लावते. म्हणजे टायमरची वीजच जात होती. तो साडेदहाला थांबणार नाही तर काय करणार?"

घर दाखवताना मालकांनी त्या स्विचबद्दल काहीतरी सांगितलं होतं, असं मला अंधुकसं आठवलं. तेव्हा मी जाणतेपणानं मान डोलावत होतो, त्यामुळे ऐकू आलं नव्हतं.

रविवारी हीटर वेळेवर लागला. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून लगेच किल्ली फिरवायला गेलो तर सौ. म्हणाली, "सरका." ती बसली. हीटर प्लगचा पिवळा दिवा लागला, तिनं तो विझेपर्यंत वाट पाहिली, पुन्हा एकदा तसंच केलं, अॅक्सिलरेटर जरासा दाबून सेल्फ मारला. पांढऱ्या धुराचा एक लोट, आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा खडखडाट. फोनवरून ऐकणाऱ्या अण्णांनी निदान सांगितलं, "एक नोझल बघून घ्या, बाकी इंजिन बरंय."

स्विचची गोष्ट हळदीकुंकवात वाणाबरोबर घरोघर गेली, आणि तिचा उलटाच परिणाम झाला. आता मराठी मंडळींत थंडीनं कुणाची गाडी अडली की मला बोलावतात. मी जातो, बॉनेटकडे ढुंकूनही बघत नाही. बूट काढून थेट मागच्या दारापाशी जातो आणि भिंतीवरचे स्विच दाबून बघतो. वीज तिथे अडलेली असली तर चहा आणि प्रतिष्ठा मिळते. नसली तर मी गंभीर चेहरा करून "गॅरेजला दाखवा" म्हणतो आणि तरीही चहा मिळतो.

सौ.नं हे अण्णांना कळवलं. ते खूश झाले.

"बरं झालं की. साहेबाचा हेल्पर झाला."

"आणि मेकॅनिक कधी होणार, अण्णा?" मी आशेनं विचारलं.

"कशाला? तुमच्या घरात एक हाय की," अण्णा म्हणाले. "तुम्ही बॅटरी धरत जावा."